संशयामागचं भेव

"माह्या इहिरीत कोनीतरी औषध टाकलं." पूर्णा-चंद्रभागेच्या पट्ट्यातल्या गावात एखादा माणूस असं बोलला, तर ऐकणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी वेडेपणाचं वाटत नाही. अमरावती जिल्ह्यातला हा दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी मुळातच मचूळ. फवारणीचं औषध जवळपास प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात असतं. धुऱ्यावरून दोन-दोन पिढ्यांची भांडणं चाललेली असतात. म्हणून घरचे आधी ऐकून घेतात. पुढं तो माणूस त्या विहिरीकडं फिरकेनासा होतो. शेजाऱ्याचा खोकलाही त्याला इशारा वाटू लागतो. बाजारात कोणी हसलं, तर ते आपल्यालाच हसलं अशी त्याची खात्री होते. ताट समोर आलं की आधी बायकोनं घास खाऊन दाखवावा, असा हट्ट सुरू होतो. मग ओसरीवर बसलेलं कोणीतरी म्हणतं, "याले बाहेरचं झालं, दाखवून आणा."

हे चित्र कोणा एका माणसाचं नाही. छळाच्या भ्रमाची जी लक्षणं जगभरच्या रुग्णालयांत नोंदवली गेली आहेत, ती वऱ्हाडातल्या गावात कशी दिसतील एवढंच त्यात मांडलं आहे. लोक आपल्यावर पाळत ठेवून आहेत, आपल्याला मुद्दाम इजा करणार आहेत, ही पुराव्याशिवाय घट्ट झालेली खात्री म्हणजे पॅरानोया. स्किझोफ्रेनियात ती वारंवार दिसते. पण तीव्र नैराश्यात, दारूच्या व्यसनात, गांजाच्या सेवनानंतर आणि म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशातही ती येते. आणि सौम्य रूपात ती तुमच्याआमच्यातही असते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या विषयावर जे मानसशास्त्रीय काम झालं, त्यातून मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट: या संशयाच्या तळाशी भीती असते, त्या भीतीची कारणं शोधता येतात, आणि कारणं सापडली की त्यांवर एकेक करून इलाज करता येतो.

हे आज सोपं वाटतं, पण मानसोपचाराला इथवर यायला फार वेळ लागला. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मानसिक आजारांची वर्गवारी केली आणि पॅरानोयाला त्यात स्वतंत्र जागा दिली. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९११ मध्ये डॅनियल पॉल श्रेबर या न्यायाधीशाच्या आत्मकथनावरून पॅरानोयाचा सिद्धांत मांडला. श्रेबरला ते कधी भेटलेही नव्हते. दडपलेल्या समलिंगी आकर्षणातून हा भ्रम उपजतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या संशोधनानं ते उचलून धरलं नाही. जास्त नुकसान मात्र दुसऱ्याच एका विचारानं केलं. कार्ल यास्पर्स यांनी १९१३ मध्ये लिहिलं की खरा भ्रम हा समजून घेण्यापलीकडचा असतो, माणसाच्या आयुष्याशी त्याचा धागा जोडता येत नाही. यास्पर्स थोर विचारवंत होते, म्हणूनच या मताचं वजन फार पडलं. अनेक पिढ्यांच्या डॉक्टरांना शिकवलं गेलं की रुग्णाशी त्याच्या भ्रमाबद्दल बोलू नका, बोलण्यानं तो आणखी पक्का होतो. रुग्णाला सगळ्यात जास्त ज्याची भीती, त्याविषयीच कोणी त्याच्याशी बोलेना.

ही कोंडी फुटली ती मुख्यतः ब्रिटनमध्ये. लंडनच्या फिलिपा गॅरेटी, लिव्हरपूलचे रिचर्ड बेंटॉल आणि पुढे ऑक्सफर्डचे डॅनियल फ्रीमन यांनी साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली: या माणसाला असं का वाटत असावं? फ्रीमन यांचा एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेचा डबा आभासी वास्तवात उभा केला आणि २०० सामान्य माणसांना यंत्राचा चष्मा लावून त्यात काही मिनिटांचा प्रवास करायला लावला. डब्यातले प्रवासी संगणकानं बनवलेले, कोणाशी वैर नाही की मैत्री नाही. कोणी नुसतं बघतो, कोणी वर्तमानपत्र वाचतो. बऱ्याच जणांना ते प्रवासी निरुपद्रवी वाटले, काहींना चक्क प्रेमळही वाटले. पण पाचांतल्या सुमारे दोघांच्या मनात निदान एक तरी संशय आला: हा माझ्याकडं रागानं बघतोय, तो माझ्याविषयी काहीतरी ठरवतोय. प्रवासी सगळ्यांसाठी सारखेच होते. फरक बघणाऱ्याच्या मनात होता. ज्यांना आधीपासून चिंता जास्त, स्वतःविषयीचं मत वाईट, त्यांना संशय जास्त आला.

म्हणजे संशयाची एक चढण आहे. तळाशी "लोक माझ्याबद्दल बोलत असतील" एवढीच शंका असते, आणि ती फार जणांना येते. त्यावर "मुद्दाम माझा अपमान करतात", त्यावर "मला त्रास द्यायला टपले आहेत", आणि शेंड्यावर "माझ्याविरुद्ध कट आहे, माझा जीव घेणार आहेत". वर जावं तशी माणसं कमी होत जातात. वरचा माणूस आणि खालचा माणूस यांच्यात भिंत नाही.

कारणांकडं वळताना आधी झोपेबद्दल बोलायला हवं, कारण ती गोष्ट वऱ्हाडाच्या शेतीशी फार थेट जोडलेली आहे. झोप तुटलेल्या माणसाचं मन धोका शोधत राहतं. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर एक मोठी चाचणी झाली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. निद्रानाश असलेल्या या मुलांपैकी अर्ध्यांना झोप सुधारण्याचा मानसशास्त्रीय उपचार संगणकावरून दिला. झोप सुधारली, आणि झोपेबरोबर त्यांच्यातला संशय आणि भास हेही कमी झाले. संशयावर कोणी एक शब्द बोललं नव्हतं. आता आपल्याकडचा हिशेब बघा. हरभरा-तुरीच्या दिवसांत रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला माणूस रात्र-रात्र शेतात जागलीला असतो. ओलिताची सोय आहे तिथं शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते, म्हणून मोटार चालू करायलाही रात्री जावं लागतं. एकटं, अंधारात, अर्धवट झोपेत, कानोसा घेत बसणं हेच त्याचं काम असतं. हे महिनोन्‌महिने चालतं. जागलीनं आजार होतो असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या मनात भीतीचं बी आधीच पडलं आहे, त्याला या रात्री फार महागात पडू शकतात, आणि डॉक्टरनं पहिला प्रश्न "झोप किती लागते?" हाच विचारायला हवा.

दुसरं कारण चिंता. पॅरानोया असलेल्या माणसांना बहुतेक वेळा चिंतेचीही सवय असते. मनात "असं झालं तर, तसं झालं तर" चालूच राहतं. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १५० रुग्णांवर केलेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधं घेऊनही छळाचा भ्रम न गेलेली ही माणसं होती. त्यांच्यातल्या अर्ध्यांना सहा बैठकांत फक्त चिंता आवरायला शिकवलं: दिवसाची ठरावीक वेळ चिंतेसाठी राखून ठेवायची, बाकीच्या वेळी मनात आलेला घोर त्या वेळेवर ढकलायचा, रिकाम्या तासांत हाताला काम द्यायचं. चिंता उतरली आणि तिच्यामागोमाग भ्रमाचा जोरही उतरला.

तिसरं कारण अधिक दुखरं आहे. ज्यांचा खरोखर छळ झाला आहे, त्यांना पुढं छळाचा भ्रम होण्याचा धोका जास्त असतो. लहानपणी मारहाण, शाळेतली दादागिरी, अपमान, परक्या देशात भेदभाव सोसणं, या सगळ्यांचा संबंध संशोधनात पुन्हा पुन्हा दिसला आहे. इथं महाराष्ट्रानं स्वतःकडं बघायला हवं. जातपंचायती माणसांना वाळीत टाकतात, हे इतकं खरं होतं की राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. सावकारानं जमीन लिहून घेतली, हे विदर्भात कादंबरीतलं प्रकरण नाही. ज्याला गावानं पाणी भरू दिलं नाही, तो "लोक माझ्यावर उठले आहेत" म्हणाला तर त्यातलं किती खरं आणि किती भीतीनं वाढवलेलं, हे शांतपणे तपासावं लागतं. घाईनं "भ्रम" असा शिक्का मारणारा डॉक्टर मला मांत्रिकापेक्षा फार वेगळा वाटत नाही. खऱ्या अन्यायाची दाद लागलीच पाहिजे, आणि त्याच वेळी हेही खरं की जुना घाव भरला नाही तर मन नव्या माणसांतही जुनेच शत्रू बघू लागतं. सततच्या अपमानानं "मी दुबळा, मला कोणीही चिरडू शकतो" ही समजूत बसते, आणि दुबळ्याला जग मोठं दिसतं.

मग विचार करण्याची पद्धत. १९८८ पासून लंडनमध्ये एक प्रयोग केला जातो. दोन बरण्या, दोन रंगांचे मणी. एकीत एका रंगाचे ८५ आणि दुसऱ्याचे १५, दुसरीत उलट. बरण्या लपवून एकीतून एकेक मणी काढून दाखवायचा आणि विचारायचं, कोणती बरणी? हवे तेवढे मणी मागायची मुभा असते. भ्रम असलेल्या बऱ्याच जणांनी एक-दोन मण्यांवरच निकाल दिला. आणखी मण्यांसाठी थांबणं त्यांना कठीण गेलं. फक्त ही घाई सर्वांत नसते, आणि एकट्या घाईनं भ्रम होत नाही. भीतीनं भरलेल्या मनाला ही घाई जडली, की पहिली शंका हीच शेवटची खात्री होऊन बसते.

मेंदूच्या बाजूनं बघितलं तर डोपामिन या रसायनाकडं यावं लागतं. शितिज कपूर या मानसोपचारतज्ज्ञांनी २००३ मध्ये मांडलेली कल्पना मला फार पटते. कोणती गोष्ट महत्त्वाची हे ठरवण्यात डोपामिनचा हात असतो. त्याचा स्राव भलत्या वेळी होऊ लागला की साध्या गोष्टींना विलक्षण अर्थ चढतो. दारापुढून गेलेली मोटारसायकल, दोनदा वाजून बंद पडलेला फोन, पारावर बसलेल्यांचं एकदम गप्प होणं, सगळं "माझ्यासाठीच" वाटू लागतं. एवढा अर्थ जाणवल्यावर त्याची कथा रचायचं काम मन करतं, आणि कथेतला खलनायक माणसाच्या आजूबाजूच्या जगातूनच येतो. दर्यापुरात तो धुऱ्यावरचा शेजारी किंवा करणी करणारी म्हातारी असेल, लंडनमध्ये गुप्तहेर असेल.

कानांचा एक मुद्दा थोडक्यात सांगायलाच हवा, कारण घरातल्या म्हाताऱ्यांबाबत तो रोजचा आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी १९८१ मध्ये संमोहनाच्या साह्यानं काही विद्यार्थ्यांना तात्पुरतं कमी ऐकू येईल असं केलं, आणि ते त्यांना कळू दिलं नाही. थोड्याच वेळात त्यांना वाटू लागलं की बाकीचे आपल्याविषयी कुजबुजत आहेत. म्हाताऱ्या आईला सुना आपल्याविरुद्ध बोलतात असं अचानक वाटू लागलं, तर भांडणाआधी तिचे कान तपासून घ्यावेत.

या सगळ्यात भ्रम टिकवून धरणारी एक गोष्ट फार चतुर आहे: जीव वाचवण्याचे उपाय. दुकानाला लिंबू-मिरची टांगणाऱ्याचं दुकान बुडालं नाही तर श्रेय लिंबाला जातं. तसंच, जो माणूस बाजारात जाणं टाळतो, गेलाच तर मान खाली घालतो, खिडक्या लावून घेतो, दुसऱ्यानं चाखल्याशिवाय जेवत नाही, त्याला दिवसाअखेर वाटतं, "मी सावध होतो म्हणून वाचलो." धोका नव्हताच, हे कळण्याची संधीच त्याला मिळत नाही. शिवाय मान खाली घालून, भिंतीला चिकटून जाणाऱ्याकडं लोक खरोखर टक लावून बघतात. भ्रमाला रोज नवा पुरावा मिळतो.

उपचारांकडं येऊ. औषधं हा पहिला आणि बहुतेकांसाठी आवश्यक आधार आहे, आणि त्यांच्या इतिहासात भारताचा वाटा आपण विसरतो. सर्पगंधेची मुळी वेडावर आणि रक्तदाबावर चालते, हे कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामाचा लेख लिहिला आणि जगाचं लक्ष या मुळीकडं गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि दोनच वर्षांत अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरलं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन आलं आणि तेच पुढं टिकलं. रेसर्पिनचे दुष्परिणाम जड गेले. आजची औषधंही मुख्यतः डोपामिनच्या मार्गावरच काम करतात. अनेकांचा भ्रम त्यांनी ओसरतो. पण सगळ्यांचा नाही, आणि सुस्ती, वाढणारं वजन, थरथर यांमुळं बरेच जण गोळ्या मध्येच सोडतात.

मानसशास्त्रीय उपचार इथं कामाला येतो. फ्रीमन यांच्या गटानं सुरक्षित वाटावं हेच ध्येय ठेवून एक उपचारक्रम बांधला. औषधांनंतरही भ्रम कायम असलेल्या १३० रुग्णांवर त्याची चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिने, साधारण वीस बैठका. कोणत्या गोष्टीपासून सुरुवात करायची हे रुग्णानं स्वतः निवडायचं: झोप, चिंता, आत्मविश्वास, ऐकू येणारे आवाज, की निर्णयाची घाई. शेवटी उपचारक त्याच्याबरोबर बाहेर पडतो, दुकानात, बसमध्ये, आणि बचावाचे उपाय थोडे थोडे सोडून काय होतं ते दोघं मिळून बघतात. जवळपास निम्म्या रुग्णांचा भ्रम इतका उतरला की त्यांची आधीची खात्री राहिली नाही. चाचणीतल्या दुसऱ्या गटाला फक्त आपुलकीनं गप्पा मारणारा माणूस मिळाला होता. त्यांनाही फायदा झाला, पण उपचारक्रमाचा फायदा त्याहून जास्त होता. मला या निकालाच्या दोन्ही बाजू महत्त्वाच्या वाटतात. पद्धतशीर उपचाराला तोड नाही. आणि ज्याच्याकडं सगळे पाठ फिरवतात, त्याच्याशी नियमित येऊन बोलणारा माणूसही औषधासारखा लागू पडतो.

या उपचाराचा एक नियम घरच्यांनी आधी शिकावा. वाद घालायचा नाही. "असं काही नाही, तू येडा झाला" म्हटलं की तो माणूस तुम्हालाही शत्रूंच्या यादीत टाकतो. "हो, शेजारी वाईटच आहे" म्हटलं तर भ्रमाला साक्षीदार मिळाला. मधली वाट भीतीशी बोलण्याची आहे. "तुमाले लई भेव वाटून राह्यलं ना? रात्री झोप लागली का? मी आहो इथं." नंतर, मन निवलं की, "चाला, आपण दोघंबी इहिरीवर जाऊन पाहू. तुमाले काय वाटते, काय दिसन?" काय घडेल याचा अंदाज त्याला आधी सांगू द्यायचा, मग जाऊन बघायचं, आणि जे दिसलं त्यावर निष्कर्ष त्यानंच काढायचा. वऱ्हाडाला ही पद्धत परकी नाही. दर्यापूरशेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात असंच करायचे. ते उपदेश लादत नसत. लोकांना प्रश्न विचारत, लोकांच्याच तोंडून उत्तर काढत, आणि नवस-बळी-भुताखेतांचा डोलारा लोकांच्याच उत्तरांनी खाली येई.

देवरश्याकडं मात्र याच्या बरोबर उलट घडतं, म्हणून पॅरानोयात तो सर्वांत धोक्याचा. इतर दुखण्यांत मांत्रिक पैसे आणि वेळ खातो. इथं तो आजाराला खतपाणी घालतो. आधीच "कोणीतरी माझ्या वाईटावर आहे" म्हणणाऱ्या माणसाला तो सांगतो, "करणी झाली आहे, आणि ती अमुक दिशेच्या घरातून झाली आहे." भ्रमाला नाव आणि पत्ता मिळतो. मग ज्या बाईचं नाव निघालं तिचं जगणं मुश्कील होतं. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच त्याचा वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचं जगणं कठीण करणं, यांना सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. मनोरुग्णाला साखळदंडात ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही बंदी केली आहे.

तरी लोक मांत्रिकाकडं जातात, याचा दोष फक्त अज्ञानाला देणं मला अन्यायाचं वाटतं. तो गावात असतो, वेळ देतो, आपल्या भाषेत बोलतो. मनोविकारांचा डॉक्टर अमरावतीला किंवा अकोल्याला. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, पण त्याच्या जवळच्या चौकाला लोक अजूनही पागलखाना चौक म्हणतात. तिथं नेणं म्हणजे घराला डाग, अशी समजूत आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मानसिक आजार असलेल्या चारांपैकी सुमारे तिघांना उपचार मिळत नव्हते.

हे अंतर भरून काढता येतं का, याची दोन उत्तरं आपल्याच राज्यात आहेत. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी सातारा, गोवा आणि तमिळनाडूत एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. २८२ रुग्ण होते. काहींना दवाखान्यातल्या नेहमीच्या उपचारासोबत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी येऊन भेटत, गोळ्यांची चौकशी करत, घरच्यांना समजावत, रुग्णाला हळूहळू कामात आणि माणसांत परत आणत. वर्षभरानंतर या गटाची लक्षणं आणि अपंगत्व दुसऱ्या गटापेक्षा कमी झालेलं दिसलं. फरक माफक होता, आणि समाजातला कलंक किंवा घरच्यांवरचा भार त्यानं फारसा हलला नाही, हेही लपवायचं कारण नाही.

दुसरं उत्तर अमरावती जिल्ह्यातलंच. 'विश्राम' या प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांना मानसिक आजार ओळखायला, धीर द्यायला आणि समुपदेशन करायला शिकवलं गेलं. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी ३० गावांची आधीची आणि नंतरची पाहणी केली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हा आकडा नैराश्याचा आहे, पॅरानोयाचा नाही. पण मनाच्या दुखण्यासाठी खेड्यातला माणूस दार ठोठावत नाही, हा समज त्यानं खोटा ठरवला. दार जवळ असलं, आणि आत ओळखीचं कोणी बसलेलं असलं, की तो येतो.

तातडीला आज 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येतं. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, किंवा खाणंपिणं बंद झालं असेल, तर फोनवर न थांबता रुग्णालय गाठावं. सुरू झालेल्या गोळ्या पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या धांदलीत आपल्या मनानं बंद करू नयेत. आजार परतण्याचा सर्वांत मोठा धोका तिथंच असतो.

उरतो तो ऑक्सफर्डसारखा उपचार. त्यासाठीचे प्रशिक्षित लोक आपल्याकडं मोठ्या शहरांतही थोडे, आणि तालुक्याला तर त्याची नुसती आशाच. मला वाटतं, तो जसाच्या तसा उचलून आणण्यात अर्थ नाही. तिकडच्या रुग्णाबरोबर उपचारक बसमध्ये चढतो. इथं त्याला रुग्णाबरोबर धुऱ्यापर्यंत चालावं लागेल, आठवडी बाजारात उभं राहावं लागेल, जागलीच्या पाळ्या घरच्यांत वाटून द्याव्या लागतील. करणीचं नाव निघालं की न हसता आणि न मानता पुढं कसं बोलायचं, सावकाराची भीती खरी असेल तर कोणत्या कार्यालयात अर्ज द्यायचा, हे त्याला ठाऊक असावं लागेल. सातारा आणि अमरावतीत आशा कार्यकर्तीच्याच वकुबाच्या माणसांनी अर्धं काम करून दाखवलं आहे. उरलेलं अर्धं वऱ्हाडीत लिहायचं काम इथल्या मानसशास्त्राच्या शिक्षकांनी आणि जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एकत्र बसून हाती घेतलं, तर पहिली तपासणी दर्यापूर तालुक्यातल्या दहा-वीस गावांतच करता येईल.